पंगतीतून पाहुण्याला उठवायचं कसं?

तीन शनिवार झाले, आमच्या कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये कॅटेकिस्ट लोकांचं, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्यांचं, ट्रेनिंग घेतेय. सहा जण आहेत, सगळे संडे स्कूलमध्ये पोरांना शिकवून तयार झालेले आणि हीच खरी गोची आहे, कारण आता त्यांच्यासमोर मोठी माणसं येणार, स्वतःहून बाप्तिस्मा मागायला आलेली. मी मूळची वसईची, लग्न होऊन इंदूरला आले, वर्ग हिंदीत घेते पण पॅरिशला "धर्मग्राम" म्हणू की इथल्यासारखं "पल्ली" यात जीभ अजून अडखळते.

पहिल्या शनिवारी नुसतं नाटक केलं. मी नवी बाई, मला ख्रिस्ती व्हायचंय, बोला आता. एक भाऊ थेट दहा आज्ञांवरच आले, वीस मिनिटं बोलले, घामाघूम झाले, पण "ताई, तुम्हाला का वाटतंय असं?" हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. हसायचं कुठल्या तोंडानं, मीच पहिल्या वर्षी एका चाळिशीच्या माणसाला रिकाम्या जागा भरा टाइपचा पेपर दिला होता, तो परत आलाच नाही. साधारण ४०० साली कार्थेजच्या एका डिकननं, म्हणजे फादरच्या खालच्या पायरीवरच्या सेवकानं, बिशप संत ऑगस्टीनकडे रडगाणं गायलं होतं की शिकवताना माझा मलाच कंटाळा येतो, तेव्हा ऑगस्टीननं सांगितलं त्यात हेही होतं, की आधी विचार तो का आलाय, आणि उभा राहून दमला असेल तर बसायला दे. हे वाचून दाखवलं तर भाऊ एकदम खूश, म्हणजे आपण जुन्या कंपनीत आहोत!

बाकी सांगाडा सांगायला वेळ लागत नाही. १९६३ ला व्हॅटिकन कौन्सिलनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, मोठ्यांच्या बाप्तिस्म्याआधी टप्प्याटप्प्यानं तयारीची जुनी रीत परत आणायला सांगितली, १९७२ ला तिचा विधी आला. आधी नुसती चौकशी, मग शिकवणीचा मोठा काळ, मग ईस्टरआधीच्या उपवासकाळात शेवटची तयारी, ईस्टरच्या आदल्या रात्री संस्कार, आणि नंतर पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत, म्हणजे साधारण सात आठवडे, पुन्हा सोबत बसायचं, जे बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही. एकीनं सीएनआय या प्रोटेस्टंट चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या सुनेचं नाव यादीत टाकलं होतं, ते काढायला लावलं, पाण्यानं आणि त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या, नावानं झालेला बाप्तिस्मा आपण मानतो, तो पुन्हा देत नाहीत, तिची तयारी वेगळी. आणि एमपीत धर्मांतराबद्दल २०२१ चा कायदा आहे, त्यात ६० दिवस आधी कलेक्टरला कळवायचं कलम आहे, ते कागद फादर बघतात, आम्ही एवढंच घोकतो की कसलं आमिष नाही, जोर नाही, चर्चलाच ते मंजूर नाही.

खरा वाद पेटला तो दुसऱ्या शनिवारी. विधीत असं आहे की बाप्तिस्म्याच्या तयारीतली ही माणसं प्रवचनापर्यंत मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, बसतात आणि मग ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे पवित्र भाकरी घ्यायच्या, आधीच त्यांना प्रेमानं निरोप देऊन बाहेर पाठवतात. एक काकू ताडकन म्हणाल्या, "काय गं, पंगतीत बसवलेल्या पाहुण्याला ताट यायच्या आत उठवायचं? आमच्याकडे नाही चालत असलं." मला लगेच उत्तर सुचेना, कारण बोलणं खोटं नव्हतं. तशी अडचण असेल तर त्यांना आत बसू द्यायची मोकळीक आहे, पण मला वाटतं ती घाईनं घेऊ नये. कारण त्यांना एकटं कुठे पाठवतोय, कॅटेकिस्ट सोबत उठून जातो ना, बाजूच्या खोलीत बसून आत्ता ऐकलेल्या वाचनावर बोलायचं, यजमानच पाहुण्याबरोबर पंगत सोडतो म्हणा.

काल त्याचीच प्रॅक्टिस घेतली, उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन, येशूनं जिच्याकडे पाणी मागितलं ती विहिरीवरची शोमरोनी बाई. काकूंना मुद्दाम कॅटेकिस्ट केलं. त्यांनी एकच विचारलं, "भर दुपारी ती एकटीच का आली असेल पाण्याला?" आणि मग चक्क गप्प बसल्या, आमच्या काकू! समोरची मुलगी खूप बोलली, नाटक विसरून बोलली.

नंतर पोहे खाताना काकूंनी हळूच विचारलं, मग मीही बाहेर गेले तर माझ्या ख्रिस्तप्रसादाचं काय? म्हटलं, संध्याकाळच्या मिस्सेला यायचं. तर म्हणे संध्याकाळी सून ड्युटीवर, नातवाला कोण बघणार. ते अजून अडकलंय, शनिवारी संध्याकाळी एक मिस्सा ठेवता येईल का म्हणून फादरना विचारायचंय.