एक फालतू ओळ काढली आणि निम्मे वकील गायब

सोमवारी अंधेरीला उतरतोय तोवर क्लायंटचे तीन मिस्ड कॉल. त्यांची वकिलांची डिरेक्टरी आहे, सर्चमध्ये ‘ॲड.’ टाकलं की सगळे यायला हवेत, येत होते निम्मेच. शुक्रवारपर्यंत नीट चालत होतं म्हणे.

डेटाबेस उघडला तर नावं जागच्या जागी. दोन नावं शेजारीशेजारी ठेवून डोळे फाडून बघितलं, ‘ॲड.’ आणि ‘अॅड.’, मला तरी काडीचा फरक दिसेना, पण दोन्ही सेम आहेत का विचारलं की पायथन (ज्या भाषेत आमचा कोड आहे) म्हणतो फॉल्स, म्हणजे नाही. शेवटी दादा (आमचे सिनियर, सगळे दादाच म्हणतात) मागून म्हणाले, अरे लेंग्थ बघ ना. एकाची तीन, दुसऱ्याची चार!

तर भानगड अशी की ॲ हे एकच कॅरेक्टर, नंबर ०९७२, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला नंबर देणारं स्टँडर्ड) आलं २००८ मध्ये, ५.१ व्हर्जनला. त्याआधी अ म्हणजे ०९०५ आणि त्यावर चंद्र ०९४५ असे दोन जोडून काम भागवायचे, आणि क्लायंटच्या जुन्या एक्सेलमधली नावं सगळी तशीच आलेली. बरं, नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी हे दोघे एक होत नाहीत, युनिकोडच्या लेखी ते वेगळेच.

मग इतके दिवस कसं चालत होतं? इथे माझ्या पोटात गोळा आला. गिट ब्लेममध्ये काही सापडेना (सापडणार कसं, तो असलेल्या ओळी कोणी लिहिल्या ते दाखवतो, उडवलेल्या नाही), बदलांचा लॉग चाळला तर शुक्रवारचा माझाच कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेला बदल. ‘अॅ’ला रिप्लेस करून ‘ॲ’ टाका अशी एक ओळ होती, स्क्रीनवर दोन्हीकडे एकच अक्षर दिसत होतं म्हणून मी ती उडवली आणि मेसेज काय लिहिला, तर ‘काहीही न करणारी ओळ काढली’, वर हसणारी इमोजी.

दादा ओरडले नाहीत. म्हणाले, चूक तुझी अर्धी, लिहिणाऱ्याची अर्धी, डोळ्याला जे दिसतच नाही ते कोडमध्ये असं उघडं ठेवायचं कशाला. मग दोन्हीकडची अक्षरं काढून बॅकस्लॅश यू ०९०५, बॅकस्लॅश यू ०९४५ आणि बॅकस्लॅश यू ०९७२ असे अक्षरांचे नंबरच लिहिले, कॉन्स्टंटला नावं दिली, जुना_ॲ आणि नवा_ॲ, आणि दोन्ही स्पेलिंगची एकेक टेस्ट टाकली. दिसायला भयाण आहे, पण आता कोणी मस्करीत उडवणार नाही.

चार वाजता डिप्लॉय केलं, वकील परत आले. साडेचारला परत फोन, ‘अहो, कुऱ्हाडे वकील नाही मिळत.’ तिथे र आणि ह च्या मध्ये जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य कॅरेक्टर) लपून बसलेला, तो तर दिसतच नाही, २००डी.