'ताई, मिटवून टाकू' म्हणणाऱ्याकडून पैसे कसे काढले

मागून ठोकणारा माणूस पहिली दहा मिनिटं फार गोड असतो. राजाराम पुलाच्या सिग्नलला माझी उभी गाडी ठोकणारा पोरगाही तसाच, "ताई चूक माझीच आहे, कशाला पोलीस-इन्शुरन्सच्या भानगडीत पडता, गॅरेजचं बिल पाठवा, मी देतो". कोणाला लागलं नव्हतं, मागे हॉर्नचा कल्लोळ, पुण्यात अशा वेळी नव्वद टक्के लोक हेच करतात आणि मला अजूनही त्यात काही गैर वाटत नाही. फक्त निघताना दोन्ही गाड्यांचे नंबर दिसतील असे फोटो काढले, त्याच्या आरसीचा, लायसन्सचा आणि पॉलिसीचा फोटो घेतला, आणि घरी आल्यावर व्हॉट्सॲपवर "आज संध्याकाळी अमुक ठिकाणी तुमच्या गाडीने माझ्या गाडीला मागून धडक दिली, खर्च तुम्ही देणार असं ठरलं" एवढं टाकून ठेवलं. त्याचं उत्तर आलं, "हो ताई, नक्की." पुढचं सगळं याच तीन शब्दांवर उभं राहिलं.

एस्टिमेट आलं ३४,००० चं. बंपर ९,५००, टेललॅम्प ६,०००, बाकी डिकीचा डेंट, पेंट, मजुरी, जीएसटी. त्याच्या डोक्यात बहुतेक आठ-दहा हजार असणार. ५,००० यूपीआयने आले, मग "पगार झाला की", मग नुसत्याच निळ्या टिका, आणि मग एक दिवस फोन उचलला त्याच्या बाबांनी. काका म्हणाले तुम्हीच अचानक ब्रेक मारलात, आमच्या ओळखीचा नाना पेठेतून पार्ट आणून नऊ हजारात सगळं करून देतो. सिग्नलला उभी असलेली गाडी अचानक ब्रेक कशी मारते हे मी विचारलं, त्यावर फोन कट.

घरचे म्हणाले सोड, आपल्या इन्शुरन्समधून घे. म्हणून हिशोब मांडला, आणि हा प्रत्येकाने मांडावा कारण एजंट तो कधीच नीट सांगत नाही. माझी पॉलिसी झिरो डेप (पार्टची झीज न कापता पैसे देणारी) नाही, त्यामुळे प्लॅस्टिकच्या पार्टवर ५० टक्के कपात, म्हणजे बंपर आणि लॅम्पचे ७,७५० माझ्या खिशातून. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आपणच भरायची ठरलेली रक्कम, १,०००. आणि खरा मार नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीचा. पाच वर्षं क्लेम नाही म्हणून मला तो ५० टक्के मिळतो, एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला तो शून्य, मग परत २०, २५, ३५, ४५ करत चढायचं. माझा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम बोनसच्या आधी साधारण ७,००० धरला तर त्या पाच वर्षांत मिळून ८,७५० रुपये जास्त जातात. तिन्ही बेरीज केली की १७,५००, शिवाय पेंटच्या मटेरियलवरची कपात वेगळी. म्हणजे दुसऱ्याने ठोकलेल्या गाडीचा निम्म्याहून जास्त खर्च मीच करायचा! ज्यांचं झिरो डेप आहे त्यांचं गणित वेगळं येईल, त्यांनी सरळ क्लेम करून मोकळं व्हावं. पण क्लेम करायचा असेल तर इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघून जाईपर्यंत गाडी दुरुस्त करू नका, आणि समोरच्याला "आता काही येणं नाही" असं काहीही लिहून देऊ नका, कारण आपल्या कंपनीने क्लेम दिला की त्याच्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो आणि तो तुम्ही आधीच सोडून बसलेले असता.

चौकीत गेले तर अपेक्षेप्रमाणे "मॅडम कोणाला लागलंय का? मग आपापसात बघा". वाद घातला नाही, लेखी अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. तो शिक्का फार कामाचा असतो.

मग एका वकील मैत्रिणीकडे बसले. तिच्याकडून कळलं की नुसत्या मालमत्तेच्या नुकसानीसाठीही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं, मी समजत होते की तिथे फक्त जखमी आणि मृत्यूचेच दावे चालतात. तिथे ड्रायव्हर, मालक आणि त्यांची इन्शुरन्स कंपनी तिघांना पार्टी करायचं. खाजगी कारच्या पॉलिसीत थर्ड पार्टीच्या (म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्या समोरच्याच्या) मालमत्तेचं कव्हर साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत असतं, थोडासा प्रीमियम वाचवायला काहीजण ते ६,००० वर आणून ठेवतात, म्हणून त्याच्या पॉलिसीचा फोटो झूम करून बघायचा. मुदत अपघातापासून सहा महिन्यांची धरून चालायचं, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतला हा नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झालाय, म्हणजे "पगार झाला की" ऐकत बसायला फार वेळ नसतो. हे नको असेल तर दिवाणी दावा, किंवा शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज, ज्याला फी नाही आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत. अर्थात तिथे समोरचा यायला आणि मान्य करायला हवा.

आधी नोटीस पाठवू म्हणाली. आरसी काकांच्या नावावर होती म्हणून बापलेक दोघांना. तारीख, जागा, गाडी नंबर, "हो ताई, नक्की"चा स्क्रीनशॉट, ५,००० चा यूपीआय नंबर (चूक नव्हती तर पैसे कशाचे दिले, हा त्यातला सगळ्यात बोचरा प्रश्न), गॅरेजचं जीएसटी बिल, आणि १५ दिवसांत २९,००० द्या नाहीतर न्यायाधिकरणात तुमच्या इन्शुरन्स कंपनीसकट ओढू. भाषा अगदी थंड. रागाचं एक वाक्य मी घातलं होतं ते तिने खोडलं.

काकांचा फोन लगेच आला, आवाज एकदम बदललेला, "वहिनी, शिकली-सवरलेली माणसं आपण, कोर्ट कशाला". घासाघीस होऊन २४,००० वर आले आणि उरलेल्या पाच हजारांवर मी पाणी सोडलं, कारण तेवढ्यासाठी तारखा घेत बसणं मला परवडणारं नव्हतं. रोख देतो म्हणत होते, मी चेकच मागितला. चेक परत आला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ आहे, बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यांना १५ दिवस, तरी नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही. तोंडी वचनाच्या मागे असलं काहीच नसतं.

पावतीत "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" हे चेक हातात देतानाच लिहून द्या असा काकांचा हट्ट होता. मी लिहिलं, "चेक वटल्यावर". त्यावर ते थोडे तापले, मग म्हणाले ठीक आहे, पण "निष्काळजीपणाने धडक" हे शब्द काढा, मुलाचं लग्न जमतंय. काढले. चेक वटला.