'गस्टो' आणि 'जुष्'

आज दुपारी पुतणीचा इंग्रजीचा अभ्यास घेताना 'गस्टो' हा शब्द आला. चवीनं, मनापासून, रंगून काही करणं. ती पुढच्या धड्याकडे गेली, मी मात्र शब्दकोशातच अडकले.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात इटालियनमधून आला. तिकडे 'गुस्तो' म्हणजे चव, आणि त्यामागे लॅटिन 'गुस्तुस'. किळस या अर्थाचा 'डिसगस्ट'ही त्याच घरातला. पण खरी गंमत त्याच्याही मागे आहे. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या बऱ्याच भाषा ज्या एका जुन्या भाषेतून आल्या, तिच्यातलं एक इंडो-युरोपीय मूळ भाषाशास्त्रज्ञ सांगतात, चाखणं आणि निवडणं अशा दोन्ही अर्थांचं. त्यातूनच इंग्रजी 'चूज' आला, जर्मनमधला चाखण्याचा 'कोस्टेन' आला आणि आपला संस्कृत धातू 'जुष्' आला! जुष् म्हणजे आवडणं, प्रेमानं स्वीकारणं. ऋग्वेदात देवाला 'जुषस्व' म्हणतात, आवडीनं घे. आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं 'अनार्यजुष्टम्', म्हणजे अनार्यांनी स्वीकारलेलं! लहानपणी आजीबरोबर किती वेळा म्हटलंय ते. त्यातल्या 'जुष्टम्'चं 'डिसगस्ट'शी रक्ताचं नातं आहे, हे कळल्यावर मी ती ओळ चार वेळा मोठ्यानं म्हणून पाहिली.

मला सगळ्यात आवडलं ते चाखणं आणि निवडणं एकाच धातूत असणं. द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकून मगच घड घेणारी आपली माणसं तेच तर करतात.

संस्कृत शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, रोजच्या मराठीत या 'जुष्'चं एखादं भावंड उरलंय का? माहीत असेल तर नक्की सांगा, मला खरंच हवंय.