पहिल्या पानावरचं शीर्षक गायब

दोन दिवस याच एका गोष्टीने डोकं खाल्लं. टेक या टाइपसेटिंग प्रोग्रॅममधली फाइल डीव्हीआयपीएस या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने पोस्टस्क्रिप्टमध्ये (पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी भाषा) काढली, पाठपोट छापायची कमांड, सेटपेजडिव्हाइस, स्पेशलमधून (टेकच्या फाइलमधून थेट पोस्टस्क्रिप्ट घालायची सोय) पहिल्याच पानावर शीर्षकाखाली घातली, आणि प्रिंटरने पाठपोट छापलं खरं पण शीर्षकच गायब आणि खालची अक्षरं भलतीच मोठी होऊन कागदाबाहेर!

फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून वाचत बसलो तेव्हा उलगडा झाला. सेटपेजडिव्हाइस ही कमांड नुसती सेटिंग बदलत नाही, ती चालू पान पुसून टाकते आणि मापं मूळ पदावर आणते, म्हणजे १ एकक = १/७२ इंच. डीव्हीआयपीएस मात्र त्या पानावर ६०० डीपीआयच्या (इंचाला ६००) ठिपक्यांत मोजत होतं, मग अक्षरं आठपटीने फुगणारच ना.

उपाय सोपा आहे. कमांड पानात ठेवायचीच नाही, पहिलं पान सुरू व्हायच्या आधी, सेटअपच्या भागात न्यायची. मी छोटी वेगळी फाइल करून हेडर म्हणून, म्हणजे पानांच्या आधी येईल अशी, जोडली आणि सगळं जागेवर आलं. शिवाय कमांड स्टॉप्डमध्ये (एरर आली तरी काम पुढे चालू ठेवू देणारी पोस्टस्क्रिप्टची सोय) गुंडाळा हो, नाहीतर ती न समजणाऱ्या प्रिंटरवर अख्खं काम एररने बंद पडतं, मी आता प्रत्येक वेळी गुंडाळतोच.

आणि कागदाचा आकारसुद्धा तिथेच बघा. फाइलमध्ये लेटर आणि ट्रेमध्ये ए४ असेल तर प्रिंटर कागद मागत नुसता थांबून राहू शकतो.