तुम्ही विचारलेत म्हणून: ग्लाम्सच्या किल्ल्यातली भुते

स्कॉटलंडमधल्या डंडीला राहायला आल्यापासून भारतातून येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा मला विचारतो, की इथून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असलेल्या ग्लाम्सच्या किल्ल्यात खरेच भुते आहेत का. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भुतांवर माझा विश्वास नाही. पण तिथल्या दंतकथा मी मनापासून ऐकते, कारण त्यांतल्या एकीच्या मुळाशी खराखुरा अन्याय आहे. रविवारी सैतानाबरोबर पत्ते खेळत बसलेल्या दाढीवाल्या उमरावाची गोष्ट लोकांना फार आवडते, पण तिच्यात मला विशेष काही सापडत नाही.

अन्यायाची गोष्ट आहे ती किल्ल्यात करड्या वेषात दिसते म्हणतात त्या बाईची. ती बाई म्हणजे जेनेट डग्लस, लेडी ग्लाम्स. तिचा भाऊ हा स्कॉटलंडचा राजा पाचव्या जेम्सचा सावत्र बाप. त्याने पोरवयाच्या राजाला जवळजवळ कैदेत ठेवून त्याच्या नावाने कारभार केला होता. 1528 मध्ये राजा निसटला, भाऊ पुढे इंग्लंडात पळाला, आणि मग डग्लस घराण्यातले जे कोणी हाती लागले त्यांच्यावर राजाने सूड उगवला. जेनेटवर राजाला विष घालण्याच्या कटाचा आरोप ठेवण्यात आला, नोकरचाकरांचे हाल करून साक्षी मिळवण्यात आल्या आणि जुलै 1537 मध्ये तिला एडिंबरोच्या किल्ल्यासमोर जिवंत जाळले. तिच्या कोवळ्या मुलालाही देहदंड ठोठावून तुरुंगात डांबले, आणि राजाने ग्लाम्स बळकावून तिथे स्वतःचा दरबार भरवला. 1542 मध्ये राजा वारला, तेव्हा कुठे मुलाची सुटका झाली.

किल्ल्यातले प्रार्थनाघर अगदी लहान आहे. भिंती आणि छत डच चित्रकार याकोब द वेट याच्या चित्रांनी भरलेले आहेत. त्यांतल्या एका चित्रात येशूच्या डोक्यावर चक्क हॅट आहे. तिथली एक बैठक जेनेटसाठी कायम रिकामी ठेवतात. हे प्रार्थनाघर 1688 मधले, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी सजलेले. जी वास्तू तिने कधी पाहिलीही नाही, तिथे लोकांनी तिला सन्मानाने आणून बसवले, ही गोष्ट मला कोणत्याही भुताखेताहून मोठी वाटते.

दुसऱ्या एका दंतकथेचा मात्र मला रागच येतो. 1821 मध्ये किल्ल्याच्या मालक घराण्यात एक मुलगा जन्मला आणि नोंदीप्रमाणे त्याच दिवशी वारला. पुढे लोक म्हणू लागले, की तो मेलाच नव्हता. शरीर विद्रूप असल्यामुळे त्याला एका गुप्त खोलीत कोंडून ठेवले होते. ती खोली शोधण्यासाठी पाहुण्यांनी प्रत्येक खिडकीत टॉवेल लटकवले आणि काही खिडक्या तशाच रिकाम्या दिसल्या, असेही सांगतात. पुरावा कशालाच नाही. एका घरातले बाळ गेले आणि लोकांनी त्याला ‘ग्लाम्सचा राक्षस’ करून टाकले. शरीराने वेगळे असणे म्हणजेच भयंकर असणे, या समजुतीवर ती सगळी कथा उभी आहे, म्हणून मी ती कुणाला रंगवून सांगत नाही. विचारलेच, तर त्या बाळाचे नाव टॉमस होते, एवढे सांगते. जेनेटची हकिगत मात्र तुम्ही म्हणाल तितक्या वेळा सांगेन.