चकली पडली! (आणि तीन आठवडे ती का अडली होती)

घरी बेलोसोव्ह-झाबोटिन्स्की अभिक्रिया करून पाहतोय: ताटलीत रसायनांचं लाल मिश्रण ओतलं की त्यात निळ्या लाटा आपोआप पसरतात, आधी कड्या आणि जमलं तर चकलीसारखे वेढे. मागच्या नोंदीत कड्यांचे फोटो टाकले होते आणि 'आता चकल्या' असं लिहिलं होतं. त्यानंतर तीन आठवडे ताटली नुसती लाल. कडी नाही, साधा निळा ठिपकासुद्धा नाही. काल रात्री पावणेअकराला पहिली चकली पडली, म्हणून हे लिहायला बसलोय.

मिश्रणात मी काहीच बदललं नव्हतं. ब्रोमेट, सल्फ्युरिक आम्ल, मॅलोनिक आम्ल, मग ब्रोमाइड. तपकिरी रंग यायचा आणि मिनिटभरात निवळायचा, अगदी नेहमीसारखा. मग फेरोइन (लोह आणि फेनँथ्रोलिनचं रंग बदलणारं संयुग) घातलं की लाल व्हायचं आणि लालच राहायचं. अर्धा तास, पाऊण तास, तसंच.

पहिला संशय फेरोइनवर, कारण ते मी घरी बनवलेलं. फेनँथ्रोलिन हायड्रोक्लोराइड स्वरूपातही मिळतं आणि ते चुकून घेतलं तर क्लोराइड आपोआप आत येतो, आणि क्लोराइड ही अभिक्रिया अडवतो. बाटलीचं लेबल भिंग लावून वाचलं. साधं, क्लोराइड नसलेलं मोनोहायड्रेटच निघालं. मग ब्रोमेटची नवी बाटली आणली. (इथे एक सांगतो: पोटॅशियम ब्रोमेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते पाण्यात सोडियम ब्रोमेटपेक्षा बरंच कमी विरघळतं, तळाशी स्फटिक बसतात. सोडियमचंच घ्या.) तरी लाल. मग वाटलं, खोलीत ३३ अंश आहे, उष्म्यामुळे सगळं बिनसतंय. पहाटे पाचला उठून करून पाहिलं. लाल.

गेल्या रविवारी आईने चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "बांयचें उदक खारें जालां," म्हणाली. आमचं घर गोव्यात शिवोलीला, मागे खाजन (भरतीचं खारं पाणी येणारी सखल जमीन), पलीकडे शापोरा नदी. मे संपता संपता विहिरीला खारट चव येते, हे लहानपणापासून माहीत आहे. पण मी ताटलीत विहिरीचं पाणी घालतच नव्हतो. डिस्टिल्ड वॉटर वापरत होतो. ताटल्या आणि पिपेट मात्र विहिरीच्या पाण्याने धूत होतो आणि खिडकीत वाळवत होतो. पाणी उडून जायचं, मीठ, म्हणजेच क्लोराइड, काचेवर राहायचं.

सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली आणली; पाण्यात क्लोराइड असला की त्याच्या थेंबाने पाणी दुधाळतं. महाग आहे, पण ती आधीच घ्यायला हवी होती. परीक्षानळीत विहिरीचं पाणी घेऊन दोन थेंब टाकले, तर पांढरा दाट ढग. मग सहज म्हणून त्या 'डिस्टिल्ड' कॅनमधलं पाणी घेतलं. तेही दुधाळलं! विहिरीपेक्षा कमी, पण काळ्या कागदासमोर धरलं की स्पष्ट दिसणारं. कॅन म्हापशाच्या एका बॅटरीच्या दुकानातला. आत काय भरतात कोण जाणे. तीन आठवडे मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

क्लोराइडने एवढं का बिघडतं? ब्रोमाइड एका पातळीखाली उतरला की ब्रोमस आम्ल (मिश्रणातच तयार होणारं मधलं रसायन) स्वतःच स्वतःला वाढवत सुटतं, त्या भरात फेरोइनचं ऑक्सिडीकरण होतं आणि लालाचा निळा होतो. क्लोराइड नेमका या वाढीच्या टप्प्यातच खोडा घालतो. त्यामुळे तपकिरी रंग येऊन जाण्यापर्यंत सगळं सुरळीत दिसतं आणि पुढे गाडी अडते.

प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्याकडून नवं पाणी मागवलं. थेंब टाकल्यावर ते स्वच्छ राहिलं. काल तीन ताटल्या मांडल्या. पहिली नव्या पाण्याने तीनदा खळबळलेली. दुसरी विहिरीच्या पाण्याने धुऊन वाळवलेली. तिसरी पहिलीसारखीच, फक्त ओतण्याआधी तिच्या तळावर घामेजलेला अंगठा दाबला. पहिलीत अडीच मिनिटांत निळा ठिपका, मग कडी, तिच्या आत दुसरी कडी. दुसरी लालच. तिसरीत कडे उमटले, पण अंगठ्याच्या जागेजवळ येऊन लाट विझली. तो लाल डाग मी कितीतरी वेळ बघत होतो. आता हातमोजे घातल्याशिवाय काहीही उचलायचं नाही.

मग पहिल्या ताटलीत दोन लाटा पसरत असताना सिरिंजने एका लाटेच्या कडेवर हलकेच हवा सोडली. लाट तुटली. दोन्ही मोकळी टोकं आत वळायला लागली, एक घड्याळाच्या दिशेने, दुसरं उलट. चार वेढे झाले तेव्हा आईला हाक मारली. समोरून आलेल्या कड्याशी चकलीची बाहेरची लाट भिडली, की दोन्ही जागच्या जागी नाहीशा होतात. पाण्यातल्या तरंगांसारख्या एकमेकींतून पार जात नाहीत. हे वाचलेलं होतं, पण डोळ्यांसमोर घडताना वेगळंच वाटतं.

दोघा वाचकांनी विचारलं होतं, हे ट्युरिंगचे ठिपके का? नाही. गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगने १९५२ मध्ये मांडलेली रसायनांची नक्षी जागेवर स्थिर राहते. आपल्या लाटा पळतात. तशी स्थिर नक्षी रसायनांत पहिल्यांदा मिळाली ती १९९० मध्ये, फ्रान्समधल्या बोर्दोला, क्लोराइट, आयोडाइड आणि मॅलोनिक आम्ल जेलमध्ये सतत पुरवून. ती मांडणी घरी उभी करायची ठरवली होती, पण सध्या बाजूला ठेवतो. कारण लिहिता लिहिता सुचलं: सिल्व्हर नायट्रेट उरलंय, तर लिझेगांगचे पट्टे (जेलमध्ये दोन रसायनं भेटून थोड्या थोड्या अंतरावर उमटणारे) का नकोत? १८९६ मध्ये त्याने जिलेटिनवर हेच सिल्व्हर नायट्रेट वापरलं होतं. पण त्याला डायक्रोमेट लागतं आणि ते विषारी, म्हणून मी घरात आणणार नाही. त्यापेक्षा परीक्षानळीत मॅग्नेशियम सल्फेटचं जेल, वरून अमोनिया. आमच्याकडच्या उष्म्यात जिलेटिन धरत नाही, म्हणून चायना ग्रास. सिल्व्हर नायट्रेट पाण्याच्या चाचणीलाच राहू दे.

फोटोंचंही जमेल असं वाटतंय. फेरोइन हिरवा उजेड शोषतं, म्हणून ताटलीखालच्या दिव्यावर नाताळच्या नक्षत्रातला (चांदणीच्या आकाशकंदिलातला) उरलेला हिरवा कागद लावला. लाल भाग काळा पडतो आणि लाटा उजळ दिसतात. पांढऱ्या उजेडातल्या माझ्या जुन्या फोटोंपेक्षा कितीतरी पटीने चांगलं.

आणि पाणी. दर महिन्याला कॅन मागवणं परवडणार नाही. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी एका बाटलीत धरलंय. परवा पाऊस सुरू झाला. पहिल्या सरीचं पाणी दुसऱ्या बाटलीत आहे, पण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतंच, म्हणून चार दिवस झोडपून झाल्यावरचं तिसऱ्या बाटलीत धरणार. पागोळ्यांचं नाही, उघड्यावर पातेलं ठेवून. तिन्हींवर दोन-दोन थेंब, काळ्या कागदासमोर.