तुम्ही विचारलंत म्हणून: किती पोट्टे आजारी पडतीन?

मी गणित शिकवते आणि विद्यार्थ्यांकडून साथीच्या प्रसाराची मॉडेल्स करून घेते, हे कळलं की इथे नागपुरात पालकांपासून हॉस्टेलच्या वॉर्डनपर्यंत सगळे एकच विचारतात, "मॅडम, आपले किती पोट्टे आजारी पडतीन, सांगा ना?"

आकडा निघतो, पण त्यावर पैज लावू नका. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी 1927 साली मांडलेली साथीच्या प्रसाराची समीकरणं आम्ही अजून वापरतो. त्यांनी ती ताडून पाहिली मुंबईतल्या 1905-06 च्या प्लेगच्या मृत्यूंवर. वक्र झकास जुळला! पण प्लेग पसरवत होते उंदीर आणि पिसवा, आणि समीकरणात त्यांचा वेगळा हिशेब नव्हता. त्या दोघांनाही हे ठाऊक होतं.

मॉडेलला विचारायचं ते हे, की काय बदललं तर साथ आटोपेल. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते, तेच घ्या. समजा, एक मुलगा दोन दिवसांत एकाला लागण देतो आणि पाच दिवस वर्गात, मेसच्या रांगेत, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर फिरतो. एकाचे अडीच, अडीचाचे सहा. तोच दीड दिवसात खोलीवर थांबला तर एकामागे पाऊण, आणि साथ विझते. कॉलेज बंद करायची गरज नाही. एखादाच विभाग बंद ठेवून तर काहीच साधत नाही, कारण हॉस्टेलच्या एका खोलीतले चौघे चार विभागांत जातात.

मग तो थांबत का नाही? 75 टक्के हजेरी! काळा चष्मा लावून शेवटच्या बाकावर बसतो. विचारलं तर म्हणतो, "काही नाही मॅडम, ऊन लागलं." ऐन पावसाळ्यात. आणि चष्म्याने काय होणार? डोळे येतात ते हातांनी, टॉवेलने.

म्हणून मी वॉर्डनना आणि प्राचार्यांना उलट विचारते, सर्टिफिकेट न मागता आजारपणाची हजेरी लावता का? "पोट्टे गैरफायदा घेतीन," म्हणतात. घेतील की. मॉडेलमध्ये तेही घालून पाहिलं. खोटे आजारी खोलीवर झोपून राहिले तरी साथीचं काही वाढत नाही, मेसची रांग तेवढी आखूड होते.